मेंदूतले प्रथिनांचे पुंजके: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अल्झायमर, कंपवात (पार्किन्सन्स) आणि त्यांच्या जातकुळीतल्या आजारांवर मी मराठीत लिहिते. लेख आला की आठवडाभर प्रश्न येत राहतात आणि त्यातले बरेच पुन्हा पुन्हा येणारे असतात. माझ्या थोरल्या आत्याला अल्झायमर होता. तिच्या खोलीबाहेर बसून यातले निम्मे प्रश्न मी स्वतःच डॉक्टरांना विचारले होते, त्यामुळे ते कुठल्या मनःस्थितीतून येतात हे मला ठाऊक आहे. उत्तरं शक्य तितकी सुटी वाचता येतील अशी लिहिली आहेत. जिथे दुसऱ्या उत्तराचा आधार लागतो तिथे त्याचा क्रमांक दिला आहे.

१. मेंदूत प्रथिनांचे पुंजके होतात म्हणजे नेमकं काय होतं?

पेशीत प्रथिन तयार होतं तेव्हा ती अमिनो आम्लांची नुसती लांब माळ असते. ती माळ ठरावीक पद्धतीने दुमडली, तिची नीट घडी बसली, की मगच ते प्रथिन कामाला लागतं. काही वेळा घडी चुकते. एरवी आत दडलेला, पाण्यापासून दूर राहणारा भाग उघडा पडतो आणि तसाच उघडा भाग असलेल्या दुसऱ्या प्रथिनाला चिकटतो. दोनाचे चार होतात, चाराचे चाळीस. शेवटी ताठ, न विरघळणारे धागे तयार होतात आणि धाग्यांचे पुंजके.

खडीसाखर करताना पाकात दोरा सोडतात. दोरा नसेल तर पाक बराच वेळ तसाच राहतो, पण एकदा पहिला खडा धरला की त्याच्यावर पुढची साखर झपाट्याने बसते. इथेही पहिला खडा धरायला वर्षानुवर्षं लागतात, पुढचं काम भराभर होतं.

या धाग्यांना अमायलॉइड म्हणतात. हे नाव जर्मन वैद्यक रुडॉल्फ फिरखो यांनी १८५४ मध्ये मेंदूतल्या काही साठ्यांना दिलं. आयोडीन लावल्यावर ते पिठूळ पदार्थासारखे रंगले म्हणून त्यांना ती स्टार्चची जात वाटली. हे धागे पुढे प्रथिनांचे निघाले, पण नाव चिकटलं ते चिकटलंच.

२. डॉक्टर ‘गाठी’ म्हणाले. म्हणजे ट्यूमर आहे का?

नाही. ट्यूमर म्हणजे बेसुमार वाढणाऱ्या जिवंत पेशी. हे पुंजके निर्जीव प्रथिनांचे असतात आणि इतके बारीक की एकेक पाहायला सूक्ष्मदर्शक लागतो. रक्ताच्या गुठळीशीही यांचा संबंध नाही, त्यामुळे रक्त पातळ करणाऱ्या गोळ्यांनी ते विरघळत नाहीत. हा गोंधळ टाळण्यासाठीच मी ‘पुंजके’ हा शब्द वापरते.

३. मग आईच्या जेवणातली डाळ, अंडी, पनीर बंद करू का?

कृपया करू नका. हा प्रश्न मला सर्वाधिक वेळा येतो आणि दरवेळी काळजी वाटते, कारण काही घरांत खरोखरच आजी-आजोबांची डाळ बंद झालेली असते. खाल्लेलं प्रथिन पोटात आणि आतड्यात पचून अमिनो आम्लांत सुटं होतं. वरणातलं प्रथिन जसंच्या तसं मेंदूत जाऊन साचत नाही. मेंदूतली ही प्रथिनं पेशी स्वतः बनवतात. उलट उतारवयात प्रथिनं कमी पडली तर स्नायू झिजतात, माणूस पडतो, आणि पडल्यावर सगळंच अवघड होतं. कंपवाताच्या औषधापुरता एक अपवाद आहे, तो प्रश्न १४ मध्ये.

४. कुठल्या आजारात कुठलं प्रथिन साचतं?

अल्झायमरमध्ये दोन. पेशींच्या बाहेर बीटा-अमायलॉइडच्या चकत्या आणि पेशींच्या आत टाऊ प्रथिनाचे गुंते. या दोन्ही गोष्टी जर्मन डॉक्टर आलोइस अल्झायमर यांनी फ्रँकफर्टच्या आउगुस्टे डेटर या स्त्रीच्या मेंदूत पाहिल्या आणि नोव्हेंबर १९०६ मध्ये ट्यूबिंगेनच्या सभेत मांडल्या. आउगुस्टेबाई १९०१ मध्ये दाखल झाल्या तेव्हा पन्नाशीच्या होत्या.

कंपवातात अल्फा-सिन्यूक्लिन हे प्रथिन चेतापेशींच्या आत गोल पिंडांच्या रूपात साचतं. त्यांना ल्युई बॉडी म्हणतात. ल्युई बॉडी डिमेन्शियात हेच प्रथिन मेंदूभर पसरलेलं असतं. अंग आपोआप हलू लागतं त्या हंटिंग्टन या आनुवंशिक आजारात हंटिंग्टिन. स्नायूंवरचा ताबा हळूहळू जातो त्या एएलएस या आजारात बहुतेकदा टीडीपी-४३ (हे २००६ मध्ये उमगलं), मोजक्या कुटुंबांत एसओडी१. वागणं आणि भाषा आधी बिघडते त्या फ्रंटोटेम्पोरल डिमेन्शियात कधी टाऊ, कधी टीडीपी-४३. आणि झपाट्याने स्मृती नेणाऱ्या दुर्मीळ क्रॉइट्सफेल्ड-याकोब आजारात प्रायॉन.

यातलं एकही प्रथिन मुळात ‘विष’ नाही. टाऊ पेशीच्या आतल्या वाहतुकीच्या रुळांना आधार देतं, अल्फा-सिन्यूक्लिन चेतापेशींच्या टोकाशी रसायनं सोडायला मदत करतं आणि बीटा-अमायलॉइड तर तुमच्या-माझ्या मेंदूत आत्ता, या क्षणीही तयार होत आहे.

५. हे पुंजके आजाराचं कारण आहेत की नुसती राख?

या विषयातला खरा वाद हाच, म्हणून इथे जरा थांबते.

‘कारण’ म्हणणाऱ्यांची बाजू जनुकांमुळे भक्कम आहे. बीटा-अमायलॉइड ज्या मोठ्या प्रथिनातून कापलं जातं त्याचं जनुक २१व्या गुणसूत्रावर असतं. डाउन सिंड्रोम असलेल्यांत हे गुणसूत्र दोनऐवजी तीन असतात आणि चाळिशीपर्यंत जवळपास सगळ्यांच्या मेंदूत चकत्या दिसतात. या जनुकातल्या किंवा ते प्रथिन कापणाऱ्या यंत्रणेतल्या काही बदलांमुळे ऐन चाळिशीत अल्झायमर होतो. त्याच्या उलट पुरावाही आहे. २०१२ मध्ये आइसलँडमध्ये याच जनुकातला एक दुर्मीळ बदल सापडला, ज्याने बीटा-अमायलॉइड कमी तयार होतं, आणि तो असलेल्यांना अल्झायमरपासून संरक्षण मिळतं. कंपवाताचंही तसंच: १९९७ मध्ये इटलीतून आलेल्या एका मोठ्या कुटुंबात अल्फा-सिन्यूक्लिनच्या जनुकातला बदल मिळाला आणि त्याच वर्षी ल्युई बॉडी याच प्रथिनाच्या असतात हे दिसलं.

‘राख’ म्हणणाऱ्यांकडेही मुद्दा आहे. चकत्या किती आहेत यावरून स्मृती किती गेली हे नीट सांगता येत नाही. टाऊचे गुंते कुठवर पोहोचले यावरून बरंच सांगता येतं. चकत्या असूनही शहाणीसुरती राहिलेली माणसं आहेत (प्रश्न ७).

माझं मत असं: अल्झायमरमध्ये बीटा-अमायलॉइड ठिणगी टाकतं, पण घर जाळतो तो टाऊ आणि त्यापाठोपाठ येणारा दाह. ठिणगी आणि आग यांच्यात १५-२० वर्षं जातात. त्यामुळे घराच्या लक्षात येतं तेव्हा आपण आजाराच्या सुरुवातीला नसतो, तो निम्म्याहून पुढे गेलेला असतो.

६. मोठा पुंजका जास्त घातक की लहान?

सहज सुचणारं उत्तर ‘मोठा’, पण प्रयोगशाळेतला बराचसा पुरावा लहानाकडे बोट दाखवतो. मोजक्या रेणूंचे, अजून विरघळलेल्या अवस्थेतले छोटे गट, ज्यांना ऑलिगोमर म्हणतात, ते चेतापेशींच्या जोडण्यांवर जाऊन बसतात, पेशीच्या पडद्याला इजा करतात. त्या मानाने मोठी चकती स्वस्थ पडून असते. काही संशोधकांच्या मते पुंजके ही पेशीने केलेली बंदिस्ती असावी: इतस्ततः फिरणारं घातक प्रथिन एका कोपऱ्यात कोंडून ठेवायचं. हंटिंग्टनच्या पेशींवर २००४ मध्ये झालेल्या एका गाजलेल्या प्रयोगात पुंजका बनवणाऱ्या पेशी न बनवणाऱ्यांपेक्षा जास्त जगल्या होत्या. तरी मोठे पुंजके निरुपद्रवी आहेत असं समजू नका. त्यांच्याभोवती दाह होतो आणि त्यांच्यातून लहान तुकडे पुन्हा सुटत राहतात.

७. पुंजके असूनही काही जण शेवटपर्यंत ठणठणीत कसे राहतात?

सत्तरी ओलांडलेल्या आणि स्मृती चांगली असलेल्या लोकांचं पेट स्कॅन (पुंजके दाखवणारं मेंदूचं विशेष चित्रण) केलं तर त्यांपैकी सुमारे चौथ्या ते तिसऱ्या हिश्श्यात बीटा-अमायलॉइड सापडतं. अमेरिकेतल्या ६७८ ख्रिस्ती जोगिणींचा (नन) प्रसिद्ध अभ्यास आहे. त्यांतल्या काहींच्या मेंदूत मृत्यूनंतर भरपूर चकत्या आणि गुंते मिळाले, पण हयातीत त्यांची बुद्धी शाबूत होती.

यामागे एकच कारण नाही. शिक्षण, वाचन, माणसांत राहणं यांमुळे जोडण्यांची शिल्लक मोठी असेल तर थोडी गेली तरी भागतं. मेंदूतल्या रक्तवाहिन्या धड असतील तर तेही हातभार लावतं. आणि कधी जनुकच पाठीशी उभं राहतं. कोलंबियाच्या आंतिओकिया प्रांतात एका मोठ्या कुळात प्रेसेनिलिन-१ या, बीटा-अमायलॉइड कापणाऱ्या यंत्रणेच्या जनुकातला बदल आहे. तो असलेल्यांना सरासरी ४४व्या वर्षीच विसर पडू लागतो. त्याच कुळातली एक स्त्री हा बदल असूनही सत्तरीपर्यंत ठीक राहिली. तिच्या मेंदूत बीटा-अमायलॉइड खच्चून भरलं होतं, टाऊ मात्र कमी होता. तिच्याकडे एपीओई या, अल्झायमरचा धोका कमी-जास्त करणाऱ्या जनुकाचा एक अतिशय दुर्मीळ प्रकार दोन्ही प्रतींत होता, असं २०१९ मध्ये प्रसिद्ध झालं. ठिणगी आणि आग वेगळी असते याचा इतका स्वच्छ पुरावा माझ्या वाचनात दुसरा नाही.

८. हे प्रथिन ‘पसरतं’ असं वाचलं. आईची सेवा करताना मला किंवा मुलांना लागण होईल का?

नाही. एकाच ताटात जेवा, तिचं अंग पुसा, नातवंडांना मांडीवर बसवा. अल्झायमर किंवा कंपवात असा लागत नाही.

‘पसरतं’ याचा अर्थ एकाच मेंदूत एका पेशीतून दुसरीत जातं. चुकीच्या घडीचा रेणू शेजारच्या पेशीत शिरला की तिथल्या चांगल्या रेणूंनाही तीच घडी घालायला लावतो. याचा चटका लावणारा पुरावा २००८ मध्ये मिळाला. कंपवाताच्या काही रुग्णांच्या मेंदूत गर्भाच्या चेतापेशी रोपल्या होत्या. दहा-पंधरा वर्षांनी ते रुग्ण वारल्यावर पाहिलं तर त्या कोवळ्या, परक्या पेशींतही ल्युई बॉडी झाल्या होत्या.

९. पण मग कुरू, मॅड काऊ यांचं काय? ते तर लागतात ना?

ते प्रायॉन आजार, आणि तिथे उत्तर बदलतं. पापुआ न्यू गिनीतल्या फोरे लोकांत मृत आप्तांचं मांस, मेंदूसह, खाण्याचा अंत्यविधी होता. त्यातून कुरू हा मेंदूचा जीवघेणा आजार पसरत असे, आणि विधी थांबल्यावरही काहींना ५० वर्षांहून अधिक काळाने तो झाला. ब्रिटनमध्ये मॅड काऊ झालेल्या गुरांच्या मांसातून माणसांत आलेला प्रकार १९९६ मध्ये ओळखला गेला. या सगळ्यामागे जिवाणू-विषाणू नसून फक्त प्रथिन आहे हे स्टॅनली प्रुसिनर यांनी १९८२ मध्ये मांडलं तेव्हा बऱ्याच जणांना ते पटलं नव्हतं. १९९७ मध्ये त्यांना नोबेल मिळालं.

आता अवघड अपवाद. ब्रिटनमध्ये १९५९ ते १९८५ या काळात वाढ खुंटलेल्या मुलांना मृतदेहांच्या पीयूषिका ग्रंथींतून काढलेलं वाढीचं संप्रेरक टोचत. त्यातून काहींना क्रॉइट्सफेल्ड-याकोब झाला. जानेवारी २०२४ मध्ये असं प्रसिद्ध झालं की त्या मुलांपैकी पाच जणांना मोठेपणी, कमी वयातच, अल्झायमरसदृश आजार झाला, बहुधा त्या टोचणीतून गेलेल्या बीटा-अमायलॉइडमुळे. ती पद्धत १९८५ मध्येच बंद झाली आणि आजचं संप्रेरक प्रयोगशाळेत बनतं. घरातल्या सेवेशी याचा काहीही संबंध नाही. धडा आहे तो मेंदूच्या शस्त्रक्रियेची हत्यारं कशी निर्जंतुक करायची याचा, कारण साध्या उकळण्याने प्रायॉन मरत नाहीत.

१०. बाबांना होता, म्हणजे मलाही होणार? जनुक तपासून घेऊ का?

आजार कुठला यावर अवलंबून आहे. हंटिंग्टन असेल तर प्रत्येक अपत्याला धोका ५० टक्के. जनुकात सीएजी ही तीन अक्षरं किती वेळा आली आहेत ते मोजतात. ४० किंवा जास्त असतील तर पूर्ण आयुष्य लाभल्यास आजार होतोच, ३६ ते ३९ मध्ये होईलही किंवा नाहीही.

अल्झायमरचं चित्र वेगळं. थेट वारशाने येणारा प्रकार एक टक्क्याहूनही कमी, आणि तो बहुधा साठीच्या आतच दिसतो. बाकीच्यांत एपीओई४ हे जनुक धोका वाढवतं: एक प्रत असेल तर साधारण तिप्पट, दोन असतील तर आठ ते बारा पट, असं युरोपीय वंशाच्या लोकांवरच्या अभ्यासांत दिसतं. पण धोका वाढणं म्हणजे आजार ठरणं नव्हे. दोन्ही प्रती असूनही काही जण स्मृती शाबूत ठेवून म्हातारे होतात.

वडिलांना ७८व्या वर्षी अल्झायमर झाला म्हणून तिशीतल्या मुलाने कुतूहलापोटी चाचणी करावी, असं मला वाटत नाही. हंटिंग्टनची शंका असेल तर आधी जनुकीय समुपदेशकाला भेटा. नमुना नंतर द्या. उत्तर कळल्यावर ते परत ‘न कळलेलं’ करता येत नाही, आणि ते तुमच्या भावंडांबद्दलही काही सांगून जातं.

११. हे सगळं उतारवयातच का?

पेशीत घडी नीट घालणारी मदतनीस प्रथिनं असतात, बिघडलेला माल ओळखून कापणारी यंत्रणा असते, आणि मोठा कचरा गिळून पचवणारी ऑटोफॅजी असते (या शेवटच्या कामासाठी योशिनोरी ओसुमी यांना २०१६ चं नोबेल मिळालं). वयाबरोबर तिन्ही मंदावतात. शिवाय चेतापेशी सहसा विभागत नाहीत. त्वचेची पेशी विभागताना आतला कचरा दोन वाट्यांत जातो, चेतापेशीला तो जन्मभर एकटीला सांभाळावा लागतो.

झोपेचा प्रश्न यातूनच येतो. एक रात्र जागवल्यावर निरोगी माणसांच्या मेंदूतही बीटा-अमायलॉइड किंचित वाढलेलं दिसलं आहे. झोपेत मेंदू नेमका कसा धुतला जातो यावर शास्त्रज्ञांत अजून खडाजंगी चालू आहे, पण चांगली झोप हवी याबद्दल मतभेद नाही.

१२. एमआरआय ‘नॉर्मल’ आला. म्हणजे पुंजके नाहीत ना?

तसं म्हणता येत नाही. एमआरआयमध्ये मेंदूचा आकार, आकसलेले भाग, जुने झटके, ट्यूमर दिसतात. पुंजके दिसत नाहीत. त्यांच्यासाठी विशेष पेट स्कॅन लागतो, किंवा पाठीच्या कण्यातून काढलेल्या द्रवाची तपासणी. रक्ताची चाचणीही आता आली आहे. मे २०२५ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने पी-टाऊ२१७ (टाऊचंच एक रूप) आणि बीटा-अमायलॉइड यांचं गुणोत्तर मोजणाऱ्या चाचणीला मान्यता दिली, तीही लक्षणं असलेल्या ५५ वर्षांवरील लोकांसाठी, तज्ज्ञाच्या देखरेखीखाली. लक्षणं नसताना हौसेने करायची ही चाचणी नाही. कारण प्रश्न ७ मध्ये आहे.

कंपवातासाठी पाठीच्या द्रवातलं चुकीच्या घडीचं अल्फा-सिन्यूक्लिन ओळखणारी चाचणी निघाली आहे. तिचं तत्त्व खडीसाखरेचंच: नमुन्यात ‘खडा’ असेल तर त्यात टाकलेलं चांगलं प्रथिनही भराभर धागे धरतं. हाताला कंप सुटण्याआधी कित्येक वर्षं वास कमी येणं, बद्धकोष्ठता, झोपेत हातपाय झाडणं-ओरडणं ही चिन्हं दिसू शकतात. यातलं शेवटचं असेल तर मेंदूविकारतज्ज्ञांना जरूर सांगा. नुसत्या बद्धकोष्ठतेने मात्र घाबरू नका.

१३. पुंजके काढणारी नवी औषधं आली आहेत. बाबांना द्यावीत का? स्मृती परत येईल?

आधी दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर: येणार नाही. गेलेल्या चेतापेशी परत येत नाहीत.

आता आकडे. लेकानेमॅब हे बीटा-अमायलॉइडला धरून बाहेर काढणारं प्रतिपिंड. चाचणीत १,७९५ रुग्ण होते, सगळे अगदी सुरुवातीच्या टप्प्यातले. दर दोन आठवड्यांनी शिरेतून औषध, १८ महिने. ० ते १८ च्या मोजपट्टीवर खोटं औषध घेणाऱ्यांची घसरण १.६६ गुणांची झाली, खरं घेणाऱ्यांची १.२१ ची. फरक ०.४५. यालाच बातम्यांत ‘२७ टक्के’ म्हणतात. दोन्ही आकडे बरोबर आहेत, पण घरच्यांनी ०.४५ हाही ऐकायला हवा. दोन्ही गटांतली माणसं खालावलीच, एक गट थोडा सावकाश.

धोका: मेंदूला सूज आल्याचं चित्र १२.६ टक्के रुग्णांत दिसलं. बहुतेकांना काही जाणवलं नाही, पण काहींना गंभीर त्रास झाला. एपीओई४ च्या दोन प्रती असलेल्यांत हे प्रमाण जवळपास एक तृतीयांश. म्हणून औषधाआधी जनुक तपासणी, आणि नंतर वारंवार एमआरआय. अमेरिकेत लेकानेमॅबला पूर्ण मान्यता जुलै २०२३ मध्ये आणि महिन्यातून एकदा द्यायच्या डोनानेमॅबला जुलै २०२४ मध्ये मिळाली. त्याआधी २०२१ मध्ये मोठ्या वादानंतर मान्यता मिळालेलं अडुकानुमॅब २०२४ मध्ये कंपनीने बंद केलं.

आणखी जुनी गोष्ट सांगते. बीटा-अमायलॉइडविरोधी पहिल्या लशीची चाचणी २००२ मध्ये थांबवावी लागली, कारण सुमारे सहा टक्के लोकांना मेंदूदाह झाला. पुढे काही वर्षांनी वारलेल्या रुग्णांच्या मेंदूत चकत्या जवळजवळ साफ झालेल्या आढळल्या, तरी ते तीव्र स्मृतिभ्रंशातच गेले होते. उशिरा झाडलेलं घर.

तर बाबांचं निदान अगदी नुकतं असेल, पुंजके तपासणीत सिद्ध झाले असतील, रक्त पातळ करणारी औषधं चालू नसतील आणि खर्च-फेऱ्या झेपत असतील, तर तज्ज्ञांशी बोलून विचार करण्यासारखं आहे. मध्यम किंवा पुढच्या टप्प्यात असतील तर ही औषधं त्यांच्यासाठी नाहीत. घर किंवा दागिने विकून तर मुळीच नकोत. तो पैसा चांगल्या मदतनीसावर खर्च झाला तर आई-बाबा दोघांचंही आयुष्य जास्त सुसह्य होतं.

१४. कंपवाताच्या गोळीबरोबर प्रथिनं खाऊ नका असं डॉक्टर म्हणाले. तुम्ही तर उलट लिहिता!

दोघांचंही खरं आहे. कंपवाताच्या गोळीतला लेव्होडोपा आतड्यातून रक्तात आणि रक्तातून मेंदूत ज्या दारांनी जातो, त्याच दारांनी जेवणातली काही अमिनो आम्लंही जातात. गर्दी झाली की औषध अडकतं आणि गोळीचा गुण येत नाही. म्हणून गोळी जेवणाआधी अर्धा ते एक तास घ्यायची, आणि तरीही दुपारी अडखळायला होत असेल तर डाळ-अंडी-मासळीचा मोठा वाटा रात्रीच्या जेवणात न्यायचा. प्रथिनं बंद करायची नाहीत, वेळ बदलायची. याचा पुंजक्यांशी संबंध नाही.

१५. हळद, ब्राह्मी, खाजकुइली यांनी पुंजके विरघळतात का?

हळदीतलं कर्क्युमिन परीक्षानळीत बीटा-अमायलॉइडला चिकटतं, उंदरांतही परिणाम दिसला. माणसांत मात्र ते पोटातून रक्तात फारच थोडं पोहोचतं, आणि अल्झायमरच्या रुग्णांवरच्या २४ आठवड्यांच्या चाचणीत फायदा दिसला नाही. हरियाणातल्या बल्लभगडच्या खेड्यांत अल्झायमर कमी आढळल्याचा जो अभ्यास हळदीच्या जाहिरातीत फिरतो, त्याने हळदीला श्रेय दिलेलं नाही. फोडणीत हळद हवीच, पण ती औषध म्हणून नाही. ब्राह्मीने पुंजके कमी झाल्याचं माणसांत सिद्ध झालेलं नाही.

खाजकुइलीचं वेगळं. तिच्या बियांत खराखुरा लेव्होडोपा असतो, त्यामुळे कंपवातात तिचा गुण येतो ही वस्तुस्थिती आहे. पण ती पुंजक्यांना हात लावत नाही, कंपवातात कमी पडणाऱ्या डोपामिन या मेंदूतल्या रसायनाची नुसती तूट भरते. गोळ्याही चालू आणि चूर्णही चालू असं केलं तर मात्रा दुहेरी होते. भास, रक्तदाब अचानक उतरणं, अंग वेडंवाकडं हलणं असे त्रास होतात. घेत असाल तर आपल्या डॉक्टरांपासून लपवू नका.

१६. २००६ चा गाजलेला शोधनिबंध खोटा निघाला ना? मग हा सगळा सिद्धान्तच गेला?

नाही. तो निबंध बीटा-अमायलॉइडच्या एका विशिष्ट लहान गटाबद्दल होता. त्यातल्या चित्रांत फेरफार आढळले आणि जून २०२४ मध्ये तो मागे घेतला गेला. त्यामुळे लोकांचा विश्वास उडाला आणि पैसा, वेळही वाया गेला, याचा राग येणं रास्त आहे. पण प्रश्न ५ मधले जनुकांचे पुरावे बहुतेक त्याच्या आधीचे आणि सगळेच त्याच्यापासून स्वतंत्र आहेत.

१७. आधी अल्झायमर म्हणाले, आता ल्युई बॉडी म्हणतात. निदान चुकलं का?

चुकलं असेलच असं नाही. ऐंशीच्या घरातल्या मेंदूत एकाच वेळी दोन-तीन प्रकारचे पुंजके सापडणं अगदी नेहमीचं आहे: बीटा-अमायलॉइड, टाऊ, त्यावर अल्फा-सिन्यूक्लिन किंवा टीडीपी-४३, वर रक्तवाहिन्यांचे छोटे झटके. त्यामुळेच एका प्रथिनावरचं औषध सगळं थांबवू शकत नाही.

मात्र ल्युई बॉडीचं नाव निघालं असेल तर एक गोष्ट फाइलवर ठळक लिहून ठेवा. भास आणि आरडाओरडा थांबवायला सर्रास दिलं जाणारं हॅलोपेरिडॉल या रुग्णांना फार जाचू शकतं: अंग ताठरतं, गुंगी येते, कधी जिवावर बेततं. रात्री-अपरात्री आणीबाणीत गेलात तर तिथल्या नव्या डॉक्टरला हे आधी सांगा. माझ्या ओळखीच्या दोन घरांना ही गोष्ट उशिरा कळली.

१८. प्रथिन काढण्याऐवजी ते बनूच न देणारं औषध नाही का?

आहे, अगदी थोड्यांसाठी. एसओडी१ जनुकातल्या बदलामुळे होणाऱ्या एएलएसमध्ये टोफर्सेन पाठीच्या कण्यातून देतात. ते त्या जनुकाचा निरोपच अडवतं. एप्रिल २०२३ मध्ये अमेरिकेत त्याला सशर्त मान्यता मिळाली. हा प्रकार एएलएसच्या सुमारे दोन टक्के रुग्णांत असतो. हंटिंग्टनमध्ये याच धर्तीच्या टोमिनर्सनची मोठी चाचणी मार्च २०२१ मध्ये थांबवावी लागली, कारण अपेक्षित फायदा दिसेना. बिघडलेल्या प्रथिनाबरोबर चांगलंही दाबलं जातं, ही तिथली अडचण.

१९. मी पन्नाशीत आहे. काय करू?

लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकाच्या आयोगाने २०२४ मध्ये बदलता येण्याजोग्या १४ गोष्टी मांडल्या. त्या सगळ्या सुधारल्या तर जगातला सुमारे ४५ टक्के स्मृतिभ्रंश टळेल किंवा लांबेल असा त्यांचा अंदाज आहे. यातली प्रत्येक गोष्ट पुंजक्यांवरच काम करते असं नाही. काही मेंदूची शिल्लक वाढवतात, काही रक्तवाहिन्या जपतात.

आपल्याकडे सगळ्यात दुर्लक्षित म्हणजे कान. ऐकू कमी येतं, मग माणूस लग्नकार्यात कोपऱ्यात बसतो, मग बोलणंच सोडतो. श्रवणयंत्राची लाज वाटून वर्षं वाया जातात. रक्तदाब, मधुमेह, कोलेस्टेरॉल ताब्यात ठेवा. तंबाखू सोडा, मिश्रीसुद्धा. दुचाकीवर हेल्मेट घाला. चाला. भारतात साठीपुढच्या सुमारे ८८ लाख लोकांना स्मृतिभ्रंश असल्याचा अंदाज २०२३ मध्ये प्रसिद्ध झाला, म्हणजे त्या वयोगटाच्या ७.४ टक्के.

कंपवात असेल तर पुण्याच्या पार्किन्सन्स मित्रमंडळासारख्या गटात जा. पुंजके तिथे कमी होत नाहीत, पण खांदे पडलेला माणूस तिथून येताना बोलत येतो, हे मी पाहिलं आहे.

२०. आई गेल्यावर तिचा मेंदू संशोधनाला देता येईल का?

येईल. बेंगळुरूच्या निम्हान्स या मेंदू आणि मनोविकारांच्या संस्थेत १९९५ पासून मेंदूपेढी आहे. मृत्यूनंतर थोड्या तासांतच मेंदू काढावा लागतो, त्यामुळे लांबच्या गावातून ते साधेलच असं नाही. म्हणून आधीच संपर्क करून विचारा, आणि भाऊ-बहीण, मामा-काका सगळ्यांशी आईच्या हयातीतच बोला. चेहरा तसाच राहतो, अंत्यदर्शन आणि पुढचे विधी नेहमीसारखे करता येतात. हयातीत दिलेलं निदान आणि मेंदूत खरोखर काय होतं, हे पडताळण्याचा सर्वांत खात्रीचा मार्ग अजूनही हाच आहे, आणि भारतीय मेंदूंवरचं काम जगाच्या मानाने फार थोडं झालं आहे. आत्याच्या वेळी आम्हाला हे माहीत नव्हतं.